जाकिटाच्या नावाखाली घेतलेलं माप

टेक्ला ब्रेंडलच्या तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राला लागून एक जाड लाकडी बाक होता आणि त्या बाकाला लाकूड धरून ठेवायचा लोखंडी शिकंजा. एका अंगाला साबणाचा डबा, दुसऱ्या अंगाला पटाश्या आणि कानशी. यंत्र घरघरत असलं की ती लाकूड तासायची. यंत्र थांबलं की हात झटकून कपडे वाळत घालायला निघायची. त्यामुळे ब्रेंडलांच्या घरातल्या चादरींच्या घड्यांत अक्रोडाच्या लाकडाचा भुसा कुठे ना कुठे सापडायचाच. चाळीस वर्षांत तिने या बाकावर शिकारीच्या अकरा रायफली पुऱ्या केल्या होत्या. सगळ्या नात्यातल्या नाहीतर चर्चमधल्या ओळखीच्या माणसांसाठी. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरातल्या गावात त्यांना ‘ब्रेंडलची रायफल’ म्हणत, आणि ब्रेंडल म्हणजे तिचा नवरा क्लीटस, अशी अर्ध्या गावाची समजूत होती.

क्लीटसला सरळ खिळा ठोकता येत नसे. लग्नानंतर त्याने येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर जेवणघरात लावली होती, ती अजून डावीकडे कललेली होती. चर्चबाहेर कोणी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, “क्लीटस, काय हात आहे रे तुझा!” की तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “असतो एकेकाला.” मग घरी येताना टेक्लाची चापटी खायचा.

ही विद्या तिला वडिलांकडून आली होती. अँब्रोज म्हाताऱ्याने मुलाला आणि मुलीला दोघांनाही बाकापाशी उभं केलं. मुलाला, लायनसला, बंदूक चालवायची घाई. लाकडाची ओढ होती ती मुलीला. म्हातारा तिला सांगायचा, दुकानातली बंदूक घेतली तर माणसाला तिच्यासाठी वाकावं लागतं. आपण घरी करतो ती कशाला, तर तिने माणसासाठी वाकावं म्हणून. गालाचं हाड, हाताची लांबी, खांद्याची ठेवण, सगळं मोजायचं आणि मगच लाकडाला हात लावायचा. आणि माप घेताना माणूस नुसत्या सदऱ्यात असेल, तर थंडीतल्या कोटासाठी दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाची, लांबी तेवढी कमी धरायची, हेही त्यानेच बजावलं होतं. हे ती कधी विसरली नव्हती. पुढे जे झालं ते विसरण्यामुळे झालं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

लायनस आता एकाहत्तरचा होता, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. बायको आयरीन जाऊन चार वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मानेचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मणके एकमेकांना जोडून टाकले. दुखणं गेलं, पण मान खांबासारखी ताठ झाली. कोणी हाक मारली की तो अख्खा वळायचा. चर्चमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या की लायनस एकटा समोर बघत राहायचा. फादर कॉनराड म्हणायचे, “माझं प्रवचन डोळे उघडे ठेवून ऐकणारा हा एकच.”

पण ताठ मानेने रायफल चालवता येत नाही. दस्ता खांद्याला लावून मान पुढे झुकवायची, गाल लाकडावर टेकवायचा, तेव्हा कुठे डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीमागे येतो. लायनसचा डोळा दुर्बिणीच्या चार बोटं वरच राहायचा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायचा, त्या दिवशी कारखाना बंद, शाळा बंद, आणि गावातले झाडून सगळे पुरुष डोंगरातल्या आपापल्या खोपटांत. लायनस ऑपरेशननंतरही दोन्ही वर्षं खोपटात गेला, पण रायफलीशिवाय. तिथे तो कांदे चिरायचा.

कांद्याची गोष्ट अशी, की त्यांच्या घरात अँब्रोज म्हाताऱ्यापासून एक रीत होती. ज्याला हरीण मिळालं त्याने तोंडाने सांगायचं नाही. कांद्यावर परतायचं काळीज फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि एवढंच विचारायचं, “कांदा आहे का घरात?” मग घरातल्यांनी काय समजायचं ते समजावं. रानातल्या खोपटातही तीच रीत. लायनस दोन वर्षं दुसऱ्यांच्या काळजासाठी कांदे चिरत होता.

“बढती मिळाली मला,” तो म्हणायचा. “पन्नास वर्षं शिकारी होतो, आता कांदेप्रमुख.”

सगळे हसायचे. टेक्ला हसायची नाही.

मार्चमध्ये एका दुपारी तो जुन्या गोधडीत गुंडाळलेली आपली रायफल घेऊन आला आणि ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. वडिलांनी त्याच्या सोळाव्या वाढदिवसाला केलेली ती रायफल होती.

“हिला कोणीतरी बघ,” तो म्हणाला.

“बघ म्हणजे?”

“म्हणजे ज्याची मान वळते असा कोणीतरी. माझ्याकडे गंजून चालली आहे. परवा नळीत बघितलं तर कोळ्याने संसार थाटलाय.”

“आणि तू?”

“मी यंदापासून खोपटातही जाणार नाही म्हणतोय. कांदे काय, इथेही चिरता येतात.”

हे तो अगदी सहज बोलला, पण कॉफीत साखर घातलेली असताना पुन्हा घातली, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तो गेल्यावर तिने रायफल उघडली. नळी खरंच गेली होती. आतली यंत्रणा मात्र शाबूत होती, वडिलांनी हाताने घासून गुळगुळीत केलेली; गोळी भरायचा खटका मागे ओढला की लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. त्या रात्री जपमाळ झाल्यावर तिने क्लीटसला सांगितलं, “मी याला नवी करून देणार आहे. याच्या मानेला बसेल अशी.”

“कशी बसेल? मान तर वाकतच नाही.”

“म्हणून तर. लाकूड वाकवायचं.”

शेजारच्या गावात घरी लेथ असलेला एक माणूस होता. जुनी नळी काढून त्याने नवी बसवून दिली, दुर्बिणीसाठी उंच बैठक करून दिली. बाकीचं सगळं टेक्लाचं. वडिलांच्या अंगणातला अक्रोड वादळात पडला होता, त्याची एक फळी पाहुण्यांच्या पलंगाखाली अकरा वर्षं सुकत पडली होती. तिच्या टोकाशी धुरासारख्या काळ्या रेघा होत्या. टेक्लाने ती कोणासाठीही काढली नव्हती, स्वतः क्लीटससाठीही नाही. क्लीटसने तक्रार केली नाही. त्याला रानात जाऊन बसणं तसंही आवडत नसे, पाय गार पडतात म्हणून.

अडचण एकच होती. माप. लायनसला कळता कामा नये, नाहीतर तो लगेच म्हणणार, माझ्यावर लाकूड फुकट घालवू नको. जुलैमधल्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो जेवायला आला. डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी झाली, गोडाचा ‘ॲपल पाय’ खाऊन झाला, आणि टेक्ला शिवणाची टेप गळ्यात अडकवून आली.

“उठ जरा. जाकीट शिवणार आहे तुझ्यासाठी.”

लायनस उठला. त्याचा चेहरा एकदम खुलला. आयरीन गेल्यापासून त्याच्यासाठी कोणी काही शिवलं नव्हतं. ते तिला दिसलं, पण टेप हातात होती आणि दुसरी सबब सुचत नव्हती.

तिने कोपर वाकवायला सांगितलं आणि कोपराच्या खोबणीपासून चाप ओढायच्या बोटाच्या पेरापर्यंत मोजलं.

“जाकिटाला बाह्या असणार आहेत का?” लायनसने विचारलं.

“नाही.”

“मग हाताचं माप?”

“बाह्या कुठे नसाव्यात ते कळायला नको?”

क्लीटसने तोंडावर रुमाल धरला.

मग तिने टेप गळ्याच्या हाडावर ठेवली आणि सरळ वर डोळ्यापर्यंत नेली.

“टेक्ला, हे काय आता?”

“कॉलर.”

“डोळ्यापर्यंत कॉलर?”

“थंडी असते रे रानात.”

“मी रानात जाणार नाही सांगितलं ना तुला. आणि गेलो तरी कॉलरच्या भोकातून हरणं बघायची का?”

“गप उभा राहा, आकडा चुकतो.” तिने गालाच्या हाडापासून डोळ्यापर्यंतही मोजलं आणि सगळे आकडे किराण्याच्या यादीमागे लिहून घेतले. लायनस बिचारा ताठ उभा होता; त्याला दुसरं उभं राहताच येत नव्हतं. जाताना त्याने दारातून अख्खं वळून विचारलं, “रंग कोणता घेशील?”

“तपकिरी,” ती म्हणाली, आणि ते तरी खोटं नव्हतं. अक्रोड तपकिरीच असतो.

कोटासाठी लांबी कमी धरून तिने कागदाचा साचा कापला आणि कामाला लागली. गालाकडची बाजू उंच, खांद्याला टेकणारं टोक बरंच खाली सोडलेलं, आणि सगळा दस्ता किंचित बाहेरच्या अंगाला झुकलेला. असा आकार तिने आयुष्यात कापला नव्हता. क्लीटस कपडे टाकायला खाली आला तेव्हा बराच वेळ बघत राहिला.

“ही बंदूक आहे की शेळीची मागची तंगडी?”

“जाऊन गवत काप तू.”

लोखंड लाकडात बसवणं हे सगळ्यांत सावकाशीचं काम. मेणबत्तीच्या ज्योतीवर लोखंड धरून त्याला काजळी लावायची, लाकडातल्या खाचेत दाबायचं, उचलायचं. जिथे काळा डाग उमटेल तिथेच लाकूड अडतंय, तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. असं दोनशे-तीनशे वेळा, तेव्हा कुठे लोखंड लाकडात असं बसतं की मध्ये केसही शिरू नये. टेक्ला यासाठी चर्चमधली मेणबत्त्यांची थोटकं वापरायची, कारण वेदीची सफाई तिच्याकडे होती आणि थोटकं नाहीतरी पुरूनच टाकायची. तरुणपणी तिने जुन्या फादरांना भीतभीत विचारलं होतं की आशीर्वादाची मेणबत्ती अशी जाळली तर पाप लागेल का. ते म्हणाले होते, पोरी, त्या काजळीने तुझं काम नीट होत असेल तर ती वाया गेली असं कोण म्हणेल? मग तिची काळजी मिटली होती.

पण या वेळची काळजी मिटत नव्हती. लायनस दर रविवारी विचारायचा, “माझं जाकीट कुठवर आलं?” आणि ती म्हणायची, “चाललंय.” एकदा त्याने रायफलीचंही विचारलं, कोणाला दिलीस? ती म्हणाली, “एकाला द्यायची आहे. त्याच्या मापाला बसली की देईन.” हे खरंच होतं, त्यामुळे तेवढ्या रविवारी तिला झोप नीट लागली. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ती पापांच्या कबुलीसाठी गेली आणि जाळीमागच्या फादर कॉनराडना सगळं सांगून टाकलं.

फादर म्हणाले, “म्हणजे जाकीट शिवते असं सांगितलंत आणि शिवत नाही आहात.”

“हो, फादर.”

“मग शिवा. हेच प्रायश्चित्त.”

“आणि प्रार्थना?”

“शिवताना म्हणा हव्या तेवढ्या.”

घरी येऊन तिने कपाटातून लष्करी घोंगडी काढली. खाली फलालीनचं अस्तर, मध्ये लोकरीचा थर, वर घोंगडी, आणि सगळ्यावर चौकटीच्या टिपा. खरं तर एवढं जाड करायची गरज नव्हती. पण तीन महिने दर रविवारी बोललेलं खोटं तिला आठवत होतं, आणि टीप घालता घालता तिला वाटायचं की अजून एक थर असू दे. जाकीट असं झालं की टेबलावर उभं करून ठेवलं तर उभं राहायचं. लायनसने घातलं आणि काढायलाच तयार नाही. म्हणाला, “मानेला ऊब लागते गं. गारठ्यात मान अशी आवळून येते की दात खावे लागतात. आयरीननेही असं शिवलं नव्हतं कधी.” मग वर बघून, “हे तिला सांगू नको,” म्हणाला.

नोव्हेंबरभर तिने दस्त्याला तेल दिलं. जवसाच्या तेलाचे तीन थेंब तळहातावर घ्यायचे आणि लाकूड गरम होईपर्यंत नुसत्या तळव्याने चोळायचं. एका थराला एक जपमाळ. तेलकट हातात मणी धरता येत नाहीत म्हणून ती बोटांच्या पेरांवर मोजायची. मग एक दिवस वाळू द्यायचं. चौदा थर झाले तेव्हा धुरासारख्या रेघा लाकडाच्या खोल आत गेल्यासारख्या दिसू लागल्या. पकडीच्या जागी तिने बारीक चौकटींची जाळी कोरली. खांद्याच्या टोकाला वडिलांच्या जुन्या रायफलीचीच पोलादी पट्टी बसवली, आणि त्या पट्टीखाली लाकडात एक भोक पाडून, त्यांच्या घरच्या पद्धतीप्रमाणे, चिठ्ठी गुंडाळून ठेवली. चिठ्ठी तिने जुलैमध्येच लिहिली होती, माप घेतल्याच्या रात्री.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जेवण आटपल्यावर तिने क्लीटसला खूण केली. त्याने खालून रायफल आणली आणि लायनसच्या हातात ठेवली. लायनसने आधी यंत्रणा ओळखली. खटका मागे ओढला, पुढे केला, पुन्हा ओढला.

“ही पपांची आहे.”

“खांद्याला लाव,” टेक्ला म्हणाली.

तो उठला, खिडकीकडे अख्खा वळला आणि रायफल उचलली. मान जराही हलली नाही. दस्ता आपणहून गालाला येऊन लागला आणि डोळा नेमका दुर्बिणीमागे आला. तो तसाच उभा राहिला. बाहेर परसात सफरचंदाचं झाड होतं, त्यापलीकडे डोंगर.

“झाडाला एक सफरचंद राहिलंय,” तो हळूच म्हणाला. “अळीचं भोक दिसतंय त्याला.”

टेक्ला म्हणाली, “आता कोट घालून बघ.”

तो दारामागच्या खुंटीकडे गेला. आधी जाकीट घातलं, सगळी बटणं लावली, त्यावर लाल-काळ्या चौकटींचा लोकरी कोट चढवला. रायफल उचलली. दस्त्याचं टोक काखेत अडकलं. त्याने ती खाली घेतली, पुढे ढकलून पुन्हा उचलली. या वेळी टोक खांद्यावर आलं, पण दुर्बीण डोळ्यापासून लांब राहिली आणि तिच्यात नुसता काळोख दिसू लागला. तिसऱ्यांदा पुन्हा काखेत.

टेक्लाला जागच्या जागी कळलं. कोटाची जाडी धरली होती. जाकिटाची कुठून धरणार? माप घेतलं तेव्हा जाकीट नव्हतंच. आणि शिवलं ते असं, की दोन कोटांना भारी.

“जाकीट काढ ना,” क्लीटस म्हणाला. “साधी गोष्ट आहे.”

“जाकीट काढलं तर मान आवळते,” लायनस म्हणाला. “दहा मिनिटंही बसता येणार नाही मला.” त्याने रायफल टेबलावर ठेवली, अगदी सांभाळून, जशी मार्चमध्ये ठेवली होती तशीच. “फार सुरेख झाली आहे, टेक्ला. भिंतीवर लावीन मी. आणि सोमवारी तुम्हाला कांदे हवे असतील तर सांगा.”

तो हसला, पण कोट उतरवून खुंटीला अडकवताना त्याचा हात दोनदा चुकला. त्याने आज ती उचलून पाहिली नसती तर गोष्ट वेगळी होती. आता त्याने सफरचंद पाहिलं होतं. आता तो घरी गेला तर रायफल भिंतीवर जाणार आणि पुन्हा कधी खाली येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“उद्या सकाळी ये,” ती म्हणाली. “जाकीट आणि कोट घालून ये.”

“काय करणार आहेस?”

“कापणार.”

“जाकीट?”

“लाकूड.”

क्लीटसने कपाळाला हात लावला. चौदा थर दिलेल्या, पुऱ्या झालेल्या दस्त्याला करवत लावायची म्हणजे काय, ते खिळा न ठोकता येणाऱ्यालाही कळत होतं. अक्रोड टोकाशी कडक असतो. करवत बाहेर पडताना एक ढलपी उडाली की ती पार गालापर्यंत जाऊ शकते, आणि मग ते लाकूड चुलीतच. दुसरी फळी पलंगाखाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी लायनस तळघरात उलट्या बादलीवर बसला होता, जाकीट आणि कोट घालून, घामाने भिजलेला. टेक्लाने त्याला उभं केलं, पुन्हा मोजलं. “अर्धा इंच,” म्हणाली. मग पट्टीचे स्क्रू काढले. पट्टी निघाली तशी भोकातून गुंडाळी घरंगळली आणि लायनसच्या बुटापाशी जाऊन पडली. टेक्लाने झटकन हात पुढे केला, पण पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकायची लायनसला आता चांगली सवय झाली होती. तो आधी पोचला. चिठ्ठी डोळ्यांसमोर धरून त्याने मोठ्याने वाचली.

“‘लायनससाठी, बहिणीच्या हातची. माप जाकिटाचं सांगून घेतलं. हे खोटं माझं आहे, त्याचं नाही. शिकाऱ्यांच्या पाठीराख्या संत ह्युबर्ट, याला रानात सांभाळ.’”

यंत्र शेवटचं पाणी पिळत होतं.

“म्हणजे,” लायनस म्हणाला, “जाकीट शिवायचं तुझ्या मनातच नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि मी दर रविवारी—”

“हो.”

“मग शिवलंस कशाला?”

“फादरांनी सांगितलं म्हणून.”

लायनस बादलीवर बसला आणि हसायला लागला. मान हलत नसल्यामुळे तो हसला की अख्खा हलायचा, बादलीसकट. “डोळ्यापर्यंत कॉलर!” तो म्हणाला. “अगं, मी महिनाभर ती उंच कॉलर शोधत होतो. म्हटलं, विसरली असेल, बोलायला नको.”

क्लीटसही हसला. टेक्लाला मात्र रडू आलं, आणि मग तिलाही हसू आलं. ते आटोपल्यावर तिने डोळे पुसले, हात धुतले आणि दस्ता शिकंज्यात धरला.

तिने टोकाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, त्यावर सुरीने चारी बाजूंनी खोल रेघ मारली आणि बारीक दातांची करवत घेतली. “क्लीटस, टोक धर. दाबू नको, उचलू नको, नुसतं धर.”

“श्वास घेऊ का?”

“थोडा.”

तिने क्रूसाची खूण केली आणि करवत लावली. घाई केली नाही. एक ‘प्रणाम मारिया’ प्रार्थना संपेपर्यंत चार खेपा, असं ती मनातल्या मनात बांधून घेत चालली. भुसा तिच्या मनगटावर साचत होता, ताज्या अक्रोडाचा कडवट वास तळघरात भरला होता. शेवटचं बोटभर राहिलं तेव्हा तिने दस्ता शिकंज्यात फिरवला आणि उलट बाजूने कापत आली. चकती क्लीटसच्या हातात पडली. तिने चिकटपट्टी सोडवली आणि कडेवरून अंगठा फिरवला, सगळीकडून, दोनदा.

“बरं,” ती म्हणाली.

लायनसने चकती क्लीटसच्या हातातून घेतली, तिच्यातल्या काळ्या रेघा उजेडात पाहिल्या आणि जाकिटाच्या खिशात टाकली. चिठ्ठी मात्र त्याने परत दिली. “ही होती तिथेच ठेव. संताचं नाव आहे तिच्यावर.”

संध्याकाळपर्यंत मेणबत्तीची दोन थोटकं संपली, तेव्हा पोलादी पट्टी नव्या टोकावर बसली. उघड्या लाकडाला तिने तेल पाजलं. शनिवारी तिघं वाळूच्या खाणीत गेले. कागदाची बशी काठीला टांगली, लायनस जाकीट-कोट घालून शंभर पावलांवर उभा राहिला. पहिली गोळी बशीच्या कडेला लागली. दुर्बिणीचे स्क्रू जरा फिरवल्यावर पुढच्या तीन गोळ्या अशा लागल्या की तिन्ही एका कपाने झाकता आल्या असत्या.

“आता कांदे कोण चिरणार?” क्लीटस म्हणाला.

“तू,” लायनस म्हणाला. “तुझा हात आहे म्हणे चांगला.”

रविवारी संध्याकाळी शिकाऱ्यांची मिस्सा झाली. सगळ्यांच्या माना खाली, लायनस समोर बघत. टेक्लाने काही मागितलं नाही. फक्त मनात म्हणाली की याला उद्या थंडी बेताची असू दे. सोमवारी पहाटे त्याचा ट्रक तिच्या घरावरून डोंगराकडे गेला. खोपटात टेलिफोन नव्हता. सोमवारी तिने चादरी धुतल्या, मंगळवारी इस्त्री केली. लांबून अधूनमधून बार ऐकू यायचे, पण ते कोणाचेही असू शकत होते. बाक रिकामा होता, आणि तिला यंत्राचा आवाज उगाच मोठा वाटत होता. तिने बाक पुसून घेतला.

बुधवारी दुपारी ट्रक अंगणात थांबला. टेक्ला ओट्यापाशी बटाटे सोलत होती. ती वळली नाही. वळून त्याचं तोंड बघितलं तर कळेल, आणि कळायची तिला भीती वाटत होती. मागचं दार उघडलं, गार वारा आत आला, बूट पायपुसण्यावर घासल्याचा आवाज आला. क्लीटसने वर्तमानपत्र खाली केलं.

“टेक्ला,” दारातून लायनस म्हणाला, “कांदा आहे का घरात?”

तिने सुरी ठेवली. टोपलीतून दोन मोठे कांदे काढले आणि मग वळली. तो अंगात जाकीट घालून उभा होता, वरचं बटण तुटलेलं, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी, आणि नाक थंडीने लाल. सवयीने तिने कांदे त्याच्या पुढे केले.

“अंहं,” तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. “आज मी चिरणार नाही.”